बेसबॉलच्या गप्पांत बॅरी बाँड्सचं नाव निघालं की वाद कसा घालायचा

हे लिहितोय ते न्यू जर्सी, बे एरिया, ह्यूस्टन वगैरे भागातल्या आपल्या मराठी मंडळींसाठी, ज्यांना बेसबॉल आता बऱ्यापैकी समजायला लागलाय, जपानी स्टार ओहतानीमुळे रात्री मॅचही लावतात, पण ऑफिसात लंचला किंवा शेजाऱ्याच्या बॅकयार्डात बार्बेक्यूला 'सगळ्यात भारी प्लेअर कोण' हा विषय निघाला आणि त्यात स्टिरॉइड आलं की गप्प होतात. गप्प बसायची काहीएक गरज नाही. आपण सचिन की ब्रॅडमन यावर रात्र रात्र जागवलेली माणसं, वाद घालायचा सराव दांडगा आहे, फक्त माहिती थोडी लागते आणि कुठली गोष्ट कधी काढायची ते लागतं.

माझा स्वतःचा नियम एकच आहे, समोरच्याने कोणाचंही नाव घेऊन 'तो तर चीटर' म्हटलं की लगेच हो-नाही करायचं नाही, आधी विचारायचं 'कुठल्या साली?' बाकी सगळं याच्यावर उभं राहतं. का ते पुढे येईलच.

आधी विषय नक्की काय ते ठरवून घ्या

या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात आणि लोक एकाचं उत्तर दुसऱ्याला देत बसतात. खेळाडू किती भारी होता, त्याने औषधं घेतली का, आणि त्याला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांचा कायमचा सन्मान) घ्यावं का. तुम्ही म्हणता बॅरी बाँड्ससारखा (करिअरमधल्या होम रनचा रेकॉर्ड याच्याच नावावर) बॅटर झाला नाही, समोरचा म्हणतो त्याने स्टिरॉइड घेतली, आता ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात की नाही? असू शकतात. मग भांडण कसलं? म्हणून सुरुवातीलाच 'बाबा तू नक्की कशाबद्दल बोलतोयस' एवढं विचारून घ्या, अर्धे वाद तिथेच मिटतात (आणि ज्याला मिटवायचे नसतात तो चिडतो, त्याचीही मजा असते).

'भारी' म्हणजे काय तेही ठरवा. वीस-बावीस वर्षांचं अख्खं करिअर बघायचं का सगळ्यात वरची पाच-सात वर्षं, नुसती बॅटिंग का फिल्डिंग आणि पळणंसुद्धा. बेब रूथचं नाव पहिलं येणार हे धरून चला. आणि त्याची केस खरंच तगडी आहे, १९२० साली त्याने ५४ होम रन (आपला सिक्सर समजा) मारले आणि दुसऱ्या नंबरवरच्या जॉर्ज सिस्लरचे होते १९, अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कुठल्या अख्ख्या टीमलासुद्धा तेव्हा ५४ जमले नव्हते. वर हा माणूस त्याच्या आधी पिचर (आपल्याकडचा बॉलर) होता, पिचर म्हणून ९४ मॅच जिंकलेला. पण रूथ ज्या लीगमध्ये खेळला तिथे काळ्या खेळाडूंना येऊच देत नव्हते, जॅकी रॉबिन्सन आला १९४७ ला, रूथ रिटायर होऊन बारा वर्षं झाल्यावर. जॉश गिब्सनसारखा माणूस निग्रो लीगमध्येच (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये) खेळून गेला, २०२४ मध्ये मेजर लीगने त्या लीगचे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये धरले तेव्हा करिअरच्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये तो .३७२ घेऊन टाय कॉबच्याही वर गेला. म्हणजे 'पूर्वी सगळं शुद्ध होतं' हे वाक्य कोणी टाकलं तर हा मुद्दा खिशात ठेवा, अर्ध्या देशाला बाहेर ठेवून केलेले रेकॉर्ड कुठल्या हिशोबाने शुद्ध?

मी स्वतः विली मेजवाला. ६६० होम रन, बारा गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचं अवॉर्ड), आणि ते अवॉर्ड सुरूच झालं १९५७ ला, मेज खेळतोय १९५१ पासून, शिवाय आर्मीत गेल्यामुळे ५२ चा बराचसा आणि ५३ चा अख्खा सीझन गेला. कोणी टेड विल्यम्स म्हणालं तर त्याला मी नाही म्हणणार नाही, करिअरचा ऑन-बेस पर्सेंटेज (बॅटिंगला आल्यावर किती वेळा बेसवर पोचला) .४८२, आणि दोन युद्धांत मिळून जवळपास पाच सीझन घालवलेला माणूस. असो, यात चूक-बरोबर नसतं, आवड असते. पण आवड सांगताना एक तरी आकडा सोबत ठेवा, नाहीतर उचलली जीभ लावली टाळ्याला असं होतं.

आता वर्षं पाठ करा, ही खरी हत्यारं

बेसबॉलमध्ये 'बंदी होती' आणि 'टेस्ट होती' या दोन गोष्टींमध्ये मोठं अंतर आहे, आणि हे अंतर बहुतेक फॅन्सना माहीतच नसतं, अगदी चाळीस वर्षं मॅच बघणाऱ्यांनाही. १९९० मध्ये अमेरिकेत अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड प्रिस्क्रिप्शनशिवाय बाळगणं कायद्याने गुन्हा झालं. १९९१ च्या जूनमध्ये तेव्हाचे कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी सगळ्या टीम्सना मेमो पाठवला की बेकायदेशीर ड्रग्ज चालणार नाहीत, त्यात स्टिरॉइडचं नाव स्पष्ट होतं. पण टेस्ट नाही, आणि प्लेअर्सच्या युनियनशी करार केल्याशिवाय टेस्ट लावताही येत नव्हती. म्हणजे कागदावर नियम, प्रत्यक्षात कोणी बघायला नाही.

मग १९९४ चा खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीजच (सीझनची फायनल) रद्द झाली, लोक वैतागून स्टेडियमकडे फिरकेनात. आणि त्यांना परत आणलं कोणी, तर १९९८ च्या होम रनच्या शर्यतीने. रॉजर मॅरिसचा ६१ चा रेकॉर्ड १९६१ पासूनचा, तो त्या वर्षी मार्क मग्वायरने ७० मारून आणि सॅमी सोसाने ६६ मारून दोघांनी मोडला. त्याच ऑगस्टमध्ये एका पत्रकाराने मग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनेडायोन या स्नायू वाढवायला घेतल्या जाणाऱ्या सप्लिमेंटची बाटली पाहिली आणि बातमी दिली, बाटली उघड्यावर ठेवलेली, दुकानात मिळणारी गोष्ट, बेसबॉलमध्ये तेव्हा त्यावर बंदी नव्हती. तर झालं काय, की लोक त्या पत्रकारावरच उखडले. हा किस्सा जरूर सांगा, कारण 'आम्हाला काय माहीत' म्हणणारे आजचे सगळे फॅन, मालक आणि मीडियावाले तेव्हा टाळ्या वाजवत होते.

२००२ मध्ये युनियन आणि मालकांचा करार झाला. २००३ मध्ये नुसती चाचपणी, नावं गुप्त, शिक्षा नाही, फक्त पाच टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह निघाले तर पुढच्या वर्षीपासून खरी टेस्टिंग लावायची असं ठरलेलं. निघाले पाच टक्क्यांच्या वर. २००४ पासून खरी टेस्टिंग, पण पहिल्यांदा सापडला तर फक्त उपचार, २००५ ला दहा दिवसांचं सस्पेन्शन, आणि २००५ च्या मार्चमध्ये अमेरिकन काँग्रेससमोर ती गाजलेली सुनावणी झाल्यावर सगळे खडबडून जागे झाले, मग ५० मॅच, १०० मॅच, आणि तिसऱ्यांदा आजन्म अशी शिक्षा आली. २०१४ पासून पहिल्या वेळेला ८० आणि दुसऱ्या वेळेला अख्खा सीझन १६२. अ‍ॅम्फेटामीनवर (म्हणजे थकवा घालवणाऱ्या उत्तेजक गोळ्यांवर) बंदी तर थेट २००६ ला, ह्यूमन ग्रोथ हॉर्मोनची सीझनमधली रक्ताची टेस्ट २०१३ ला.

एवढी वर्षं डोक्यात बसली की वाद तुमच्या हातात. कारण मग मॅनी रामिरेझ आणि बाँड्स एका माळेचे मणी राहत नाहीत. मॅनी २००९ ला सापडला, ५० मॅच घरी बसला, २०११ ला परत सापडला, म्हणजे नियम, टेस्ट, शिक्षा सगळं डोळ्यांसमोर असताना. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने २००९ मध्ये कबूल केलं की २००१ ते २००३ घेतली होती, त्यावर लोक 'जाऊ दे' म्हणालेही असते, पण नंतर फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस क्लिनिकच्या प्रकरणात अडकला आणि २०१४ चा अख्खा सीझन बाहेर बसला. याला मी सरळ चीटिंग म्हणतो, काही किंतु-परंतु नाही. १९९९ ला टेस्ट नसलेल्या लीगमध्ये ज्याने घेतली त्याला मी निर्दोष म्हणत नाही, पण तराजू तोच लावत नाही.

पुरावा किती जाड आहे ते बघा

वर्षानंतरचा दुसरा प्रश्न 'कशावरून?' इथे लोक फार सैल बोलतात. टेस्ट पॉझिटिव्ह आणि सस्पेन्शन, स्वतःची कबुली, कोणीतरी शपथेवर सांगितलेलं, वर्तमानपत्रात फुटलेली बातमी, आणि 'त्याचं डोकं केवढं मोठं झालं बघ' ही एकाच वजनाची कारणं नाहीत.

रफाएल पाल्मेरो हे सगळ्यात सोपं उदाहरण. २००५ च्या मार्चमध्ये काँग्रेससमोर शपथेवर बसून, बोट रोखून सांगितलं की मी कधीही स्टिरॉइड घेतलेली नाहीत. जुलैमध्ये तीन हजारावा हिट झाला, सत्कार झाले, आणि एक ऑगस्टला सस्पेन्शनची बातमी आली, स्टॅनोझोलॉल हे स्टिरॉइड सापडलं होतं. तीन हजारांच्या वर हिट आणि पाचशेच्या वर होम रन असलेला माणूस चार वर्षांत हॉल ऑफ फेमच्या बॅलटवरून (मतदानाच्या यादीवरून) गळाला, २०१४ ला पाच टक्केसुद्धा मतं पडली नाहीत. त्याच सुनावणीत मग्वायर भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही असं पुन्हा पुन्हा सांगत राहिला, कबुली दिली २०१० मध्ये.

दुसऱ्या टोकाला माइक पियाझा आणि जेफ बॅगवेल. ना टेस्ट, ना सस्पेन्शन, नुसती कुजबुज, हाताचे दंड मोठे होते वगैरे. पियाझाला चौथ्या वर्षी आत घेतलं, बॅगवेलला सातव्या. ओल्याबरोबर सुकंही जळतं ते असं.

आणि मध्ये कुठेतरी डेव्हिड ऑर्टीझ. २००३ च्या त्या गुप्त टेस्टमधल्या यादीत त्याचं नाव असल्याची बातमी २००९ ला फुटली, पण ती टेस्ट गुप्त ठेवायची असंच ठरलं होतं, आणि पुढे कमिशनर मॅनफ्रेड यांनीच २०१६ मध्ये म्हटलं की त्यातल्या काही निकालांबद्दल शास्त्रीय शंका होत्या. ऑर्टीझ २०२२ ला पहिल्याच फटक्यात ७७.९ टक्क्यांनी आत गेला, त्याच वर्षी बाँड्स ६६ वर आणि पिचर रॉजर क्लेमेन्स ६५.२ वर राहून बॅलटवरून कायमचे उतरले. आता यात ऑर्टीझचा हसरा स्वभाव आणि बाँड्सचा तिरसटपणा किती मोजला गेला हे तुम्हीच ठरवा, मला तर बराच मोजला गेला असं वाटतं. ऑर्टीझ बोस्टनचा लाडका, त्यामुळे बोस्टनच्या माणसासमोर मात्र हे जरा जपून.

२००७ च्या डिसेंबरमधला मिचेल रिपोर्टही कोणीतरी काढणारच. माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी केलेला, चारशेच्या वर पानं, ८९ खेळाडूंची नावं. लोक तो पूर्ण यादी असल्यासारखा वापरतात, पण तो ज्यांच्यावर उभा होता ते मुख्यतः दोनजण, न्यूयॉर्क मेट्सचा एक जुना क्लबहाउस कर्मचारी आणि ट्रेनर ब्रायन मॅकनेमी. म्हणजे ज्यांचा त्या दोघांशी संबंध आला त्यांची नावं आली, बाकीचे सुटले. नाव नसणं म्हणजे स्वच्छ असल्याचं सर्टिफिकेट नाही, हे समोरच्याला शांतपणे सांगा.

बाँड्स: इथे थोडं थांबायला लागतं

सगळा वाद शेवटी इथेच येऊन ठेपतो, म्हणून याची तयारी नीट करून ठेवा. ७६२ होम रन, २००१ च्या एका सीझनला ७३, सात एमव्हीपी (लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचं अवॉर्ड). यातले तीन एमव्हीपी १९९०, ९२ आणि ९३ चे, चार २००१ ते २००४ असे सलग. पत्रकारांनी खणून काढलेल्या माहितीप्रमाणे त्याने सुरुवात केली १९९८ च्या सीझननंतर, मग्वायर-सोसाचं कौतुक बघून पोटात दुखलं म्हणे. हे खरं धरा. मग १९९८ च्या शेवटपर्यंतचा बाँड्स कसा दिसतो? ४११ होम रन, ४४५ स्टोलन बेस (बॉल मारला गेला नसताना पळून गाठलेले बेस), आठ गोल्ड ग्लव्ह. चारशे-चारशे करणारा इतिहासातला तो पहिला, आणि आजही एकटाच. हा माणूस त्या दिवशी रिटायर झाला असता तरी हॉल ऑफ फेममध्ये गेला असता यावर फारसा कोणाचा वाद नसतो.

याला एक किस्सा जोडा, हमखास चालतो. २८ मे १९९८, फीनिक्स. जायंट्स (सॅन फ्रान्सिस्कोची बाँड्सची टीम) विरुद्ध अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स, नववी इनिंग, अ‍ॅरिझोना ८-६ ने पुढे, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, आणि बॅटिंगला बाँड्स. मॅनेजर बक शोवॉल्टर काय करतो, तर खूण करतो की याला वॉक (बॅट न फिरवता फुकट पहिला बेस) द्या. चार बॉल मुद्दाम बाहेर. बेस भरलेले असल्यामुळे एक रन फुकट, ८-७. म्हणजे हातातला एक रन देऊन टाकायचा पण या माणसाला बॅट फिरवू द्यायची नाही. पुढचा ब्रेंट मेन, त्याने जोरात मारला, राइट फिल्डरने पकडला, अ‍ॅरिझोना जिंकली. बेस भरलेले असताना मुद्दाम वॉक देणं ही अगदी क्वचित घडणारी गोष्ट, आणि लक्षात घ्या, ही १९९८ ची मे महिन्यातली, ज्या काळापासून औषधं सुरू झाली म्हणतात त्याच्या आधीची. भीती आधीपासून होती.

नंतरचा बाँड्स वेगळाच प्राणी आहे, तेही मान्य करा, नाहीतर लोक तुम्हाला आंधळा भक्त समजतील. २००४ साली वय ३९, २३२ वॉक, त्यातले १२० मुद्दाम दिलेले, ऑन-बेस पर्सेंटेज .६०९, म्हणजे दहातल्या सहा वेळा हा बेसवर. फक्त ३७३ अ‍ॅट-बॅटमध्ये ४५ होम रन. २००० पर्यंत कधी पन्नास होम रन न मारलेला माणूस छत्तिशी ओलांडल्यावर ७३ मारतो आणि चाळिशीला टेकताना असं खेळतो, हे नैसर्गिक आहे असं मी तरी कोणाला सांगणार नाही. बॅल्को या कॅलिफोर्नियातल्या कंपनीवर २००३ ला धाड पडली, तिथल्या 'क्रीम' आणि 'क्लिअर' या स्टिरॉइड असलेल्या दोन गोष्टी बाँड्सने वापरल्या, ग्रँड ज्युरीसमोर त्याने सांगितलं की मला वाटलं ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम आहे. आता जगातल्या सगळ्यात महागड्या शरीरांपैकी एक शरीर असलेला माणूस अंगाला काय लावतो ते विचारत नाही, यावर विश्वास ठेवणं जड जातं. पण मेजर लीगने त्याला एकदाही सस्पेंड केलेलं नाही, २०११ ला न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी धरलं तेही २०१५ ला अपिलात रद्द झालं. या दोन्ही बाजू एका दमात सांगता आल्या पाहिजेत.

क्लेमेन्सचं गणित साधारण असंच लावायचं, मॅकनेमीच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवात १९९८ ला टोरोंटोत, त्याच्या आधी चार साय यंग अवॉर्ड (सर्वोत्तम पिचरचं) आणि दोनशेच्या वर विजय, एकूण सात अवॉर्ड आणि ३५४ विजय. खोटी साक्ष दिल्याच्या खटल्यात २०१२ ला निर्दोष सुटला. आवडावा असा माणूस नाही, पण आकडे आकडे आहेत.

ठरलेली वाक्यं आणि त्यांना काय म्हणायचं

'स्टिरॉइडने बॉलला बॅट लागत नाही.' बरोबर आहे, डोळा आणि टायमिंग औषधाने येत नाही, नाहीतर जिममधले सगळे पोरं मेजर लीगमध्ये असते. पण स्टिरॉइडचं मुख्य काम म्हणजे थकलेला स्नायू लवकर भरून येतो, त्यामुळे जास्त व्यायाम झेपतो, १६२ मॅचच्या सीझनमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरला बाकीचे मोडकळीला आलेले असताना तुम्ही ताजे असता. आणि बॅटचा वेग थोडासाच वाढला तरी जो बॉल भिंतीच्या अलीकडे फिल्डरच्या हातात पडला असता तो भिंतीपलीकडे जातो. आउटचा होम रन होतो, मधलं काही नाही. त्यामुळे फायदा नसतो हे म्हणणाऱ्याला सोडू नका.

'सगळेच घेत होते.' सगळे नव्हते घेत. २००३ च्या त्या टेस्टमध्ये पाच-सात टक्के पॉझिटिव्ह निघाले, खरे घेणारे जास्त असतील कारण टेस्ट होणार हे माहीत होतं, तरी 'सगळे' होत नाहीत. आणि जे घेत नव्हते त्यांचं काय झालं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकतो, कोणीतरी ट्रिपल ए मध्येच (मेजर लीगच्या एक पायरी खालच्या लीगमध्ये) सडला असेल कारण त्याच्या जागेवर दुसरा इंजेक्शन घेऊन बसला होता, त्याचं नाव कोणाला माहीत नाही. वादात हा मुद्दा कोणी काढत नाही, तुम्ही काढा. पिचरही घेत होते हेही विसरू नका, मिचेल रिपोर्टमध्ये पिचरांची नावं भरपूर आहेत. म्हणून पिचर पेड्रो मार्टिनेझने २००० साली बाकी सगळ्यांना धू धू धुतलं जात असताना १.७४ चा ईआरए (दर नऊ इनिंगला पिचरने दिलेले सरासरी रन) ठेवला याचं मला बाँड्सच्या ७३ पेक्षा जास्त कौतुक आहे.

'हँक एरननेही गोळी घेतली होती.' हो, त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय की १९६८ मध्ये एकदा अ‍ॅम्फेटामीनची गोळी घेऊन बघितली, आणि एकदाच. मेजबद्दलही १९८५ च्या पिट्सबर्गच्या ड्रग खटल्यात एका साक्षीदाराने लॉकरमधल्या 'रेड ज्यूस'चं (तसंच उत्तेजक, पातळ) सांगितलं होतं, मेजने ते नाकारलं. म्हणजे माझ्या लाडक्या खेळाडूवरही शिंतोडा आहे, लपवत नाही. त्या काळात 'ग्रीनीज' (याच उत्तेजक गोळ्या) क्लबहाउसमध्ये सर्रास चालायच्या. अजून मागे गेलात तर पड गॅल्विन नावाच्या पिचरने १८८९ साली प्राण्यांच्या अंडकोषाच्या अर्काचं इंजेक्शन घेतलं होतं, आणि तो हॉल ऑफ फेममध्ये आहे! हे सांगितलं की टेबलावर हशा पिकतो, वातावरण निवळतं, पण याला मुख्य मुद्दा करू नका, कारण एका गोळीची आणि चार वर्षांच्या पद्धतशीर कोर्सची बरोबरी करणं हा रडीचा डाव आहे. एरनचे ७५५ होम रन काढून टाकले तरी तीन हजारांच्या वर हिट उरतात, आणि रूथचा रेकॉर्ड मोडणाऱ्या ७१५ व्या होम रनच्या आधी त्याला मारून टाकायच्या धमक्यांची पत्रं येत होती, हे त्याच्याबद्दल बोलताना सांगायचं.

'रेकॉर्डपुढे फुली मारा', म्हणजे शंकेची चांदणी (*) लावा. हे फॅन्सनी खरंच करून झालंय. ७ ऑगस्ट २००७ ला बाँड्सने ७५६ वा मारून एरनचा रेकॉर्ड मोडला, तो बॉल मार्क एको नावाच्या फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलर्सला विकत घेतला, त्याचं काय करायचं यावर ऑनलाइन मतदान ठेवलं, आणि लोकांनी दिलेल्या कौलाप्रमाणे त्यावर चांदणी कोरून तो कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेम म्युझियमला दिला. म्हणजे बॉल हॉल ऑफ फेममध्ये आहे, मारणारा बाहेर. यापेक्षा जास्त फुली काय मारणार?

हॉल ऑफ फेमवर आलात की

इथे वाद तापतो कारण नियमातच घोळ आहे. बेसबॉल रायटर्सची मतं, ७५ टक्के लागतात, दहा वर्षं बॅलटवर राहता येतं, आणि मत देताना खेळाबरोबर सचोटी, खिलाडूपणा, चारित्र्यही बघा असं लिहिलेलं आहे. मग लोक म्हणतात बघा, चारित्र्य. त्यांना सांगा की आत कॅप अ‍ॅन्सन आहे, ज्याने १८८० च्या दशकात काळ्या खेळाडूंसोबत मैदानात उतरायला नकार दिला, आत गेलॉर्ड पेरी आहे, ज्याने बॉलला थुंकी-ग्रीस लावायचं स्वतः कबूल केलं. आणि आत बड सेलिग आहेत, २०१७ पासून, म्हणजे ज्या कमिशनरच्या कारकिर्दीत हे सगळं झालं, ज्या काळात मालकांनी तिजोऱ्या भरल्या आणि कानाडोळा केला, त्यांना आत घेतलं. माझ्या मते बाँड्स-क्लेमेन्सना बाहेर ठेवायचा नैतिक हक्क त्या दिवशी गेला.

रायटर्सकडून संपल्यावर सोळा जणांच्या कमिटीकडे नाव जातं, तिथे बारा मतं लागतात. २०२२ ला बाँड्सला तिथे चारसुद्धा मिळाली नाहीत. २०२५ च्या डिसेंबरमध्ये परत आलं, पाचपेक्षा कमी. आणि त्या वेळी आत कोण गेलं, तर जेफ केंट, बाँड्सचा जायंट्समधला टीममेट, ज्याच्याशी २००२ मध्ये डगआउटमध्ये कॅमेऱ्यासमोर बाँड्सची धक्काबुक्की झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसापुढे हे काढलंत तर पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

माझं मत विचाराल तर बाँड्स आणि क्लेमेन्स आत, खाली पाटीवर सगळं लिहून. मॅनी आणि रॉड्रिगेझ बाहेर. मग्वायर-सोसा औषधांचा मुद्दा बाजूला ठेवला तरी माझ्या लिस्टमध्ये काठावरच आहेत. तुमचं वेगळं असेल, काही हरकत नाही, फक्त रेष कुठल्या सालावर ओढली ते सांगता आलं पाहिजे.

आत्ताचे खेळाडू आले तर

फर्नांडो टाटिस ज्युनिअर २०२२ ला क्लोस्टेबॉल या स्टिरॉइडमुळे ८० मॅच बाहेर गेला, त्याचं म्हणणं गजकर्णाच्या औषधातून आलं. असलं आपल्याकडेही झालंय, पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांची बंदी आली, कारण खोकल्याचं औषध, आणि बीसीसीआयने ते मान्यही केलं होतं. अशा केसमध्ये हेतूवर भांडू नका, हेतू कोणालाच सिद्ध करता येत नाही. आजच्या खेळाडूला यादी माहीत असते, टीमचा डॉक्टर एका फोनवर असतो, न विचारता घेतलं तर शिक्षा भोगायची, एवढं पुरतं. टाटिस परत आला आणि २०२३ ला राइट फील्डमधला गोल्ड ग्लव्ह घेऊन गेला, म्हणजे एका सस्पेन्शननंतर स्वच्छ खेळून किती माफ करायचं हा प्रश्न पंधरा-वीस वर्षांनी याच्याच नावाने येणार.

त्याआधी येणार रॉड्रिगेझ. २०२५ ला त्याला ३७ टक्के होते आणि बॅलटवर तो २०३१ पर्यंत आहे, निकाल दर जानेवारीत लागतो, त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत ऑफिसच्या पार्टीला जाण्याआधी २००३, २००९ आणि २०१४ ही तीन सालं एकदा घोकून जा. आणि समोर यांकीजचा फॅन असेल तर सुरुवात २००९ च्या वर्ल्ड सिरीजपासून करा, त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये रॉड्रिगेझ जबरदस्त खेळला होता, मग बघा तो स्वतःहून कसा म्हणतो की अरे पण तेव्हाचं वेगळं होतं.